माती बॅटरी घ्या, हायड्रोजनची गाडी नको: ऊर्जा आणि बायोइंजिनिअरिंगच्या शाळेच्या किटचा वर्षभराचा अनुभव

आधी कामाचं सांगते, कारण जूनच्या आत बऱ्याच शाळांची खरेदी उरकायची असते. पाच डब्यांचा पूर्ण सेट घेऊ नका. हाताने फिरवायचा जनरेटर, माती बॅटरी (चिखलातल्या जिवाणूंपासून वीज) आणि अल्जिनेटच्या मण्यांचा (जेलीसारख्या मण्यात यीस्ट कोंडायचा) डबा हे तीन सुट्टे मिळत असतील तर नक्की घ्या, जांभळाच्या रंगावरचा सोलर सेल परवडला तर घ्या, पण हायड्रोजनवर पळणाऱ्या गाडीचा डबा राहू द्या. आणि माती बॅटरी घेतलीत तर खाली क्लिपचं प्रकरण लिहिलंय ते वाचल्याशिवाय बरणीत चिखल भरू नका.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २०१९ च्या पुरात आमच्या प्रयोगशाळेत छातीएवढं पाणी होतं, कपाटं फुगली, सूक्ष्मदर्शक गेले, केमिकलच्या बाटल्यांची लेबलं धुऊन गेली म्हणून सगळं टाकून द्यावं लागलं. त्यानंतर आम्ही बरीच वर्षं फळ्यावरच प्रयोग केले. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये हरित ऊर्जेचा धडा आहे, पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञानाचा आहे, दोन्ही मी खडूनं शिकवत आले आणि पोरं पाठ करत आली. मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून हा सेट घेऊन दिला, १४,५०० रुपयांना, कुरिअर गावापर्यंत येत नाही म्हणून सांगलीहून आमचे शिपाईमामा एसटीनं मांडीवर घेऊन आले. कंपनीचं नाव टाकत नाही, एका बॅचवरून कुणाला बोल लावायचा नाहीये, आणि ह्या प्रकारचे सेट आतून बरेचसे सारखेच असतात म्हणून मी लिहितेय ते दुसरीकडून घेतलं तरी उपयोगी पडेल.

जनरेटरचा डबा दिसायला सगळ्यात साधा, एक हँडल, आत गिअर आणि छोटी मोटार, दोन वायरी, एक एलईडी आणि एक जुन्या बॅटरीचा तारेचा बल्ब. मला वाटलं पाच मिनिटात संपेल. पण तीन तास त्यावरच गेले. काहीच न जोडता फिरवलं की हँडल लोण्यासारखं फिरतं, एलईडी लावला की थोडंसं अडतं, तारेचा बल्ब लावला की चांगलंच जड होतं, आणि दोन्ही वायरी एकमेकांना टेकवल्या की मनगट दुखायला लागतं. डोळे मिटून फिरवायचं आणि काय जोडलंय ते नुसत्या हातावरून ओळखायचं असा खेळच सुरू झाला. फॅरेडेचा १८३१ चा शोध, तारेजवळ चुंबक हलवला की वीज तयार होते हा, मी एवढी वर्षं शिकवते पण वीज घेणारा जेवढं ओढतो तेवढं फिरवणाऱ्याला द्यावं लागतं हे सांगायला मला कधी शब्द सापडले नव्हते, पोरांना ते हाताला कळलं.

मग मीटर लावला. जोरात फिरवल्यावर ६ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर, म्हणजे १.८ वॅट. एक युनिट म्हणजे १००० वॅट तासभर, तर एका पोरानं एक युनिट करायचं म्हणजे साधारण ५५५ तास, तेवीस दिवस रात्रंदिवस हँडल फिरवायचं. हे फळ्यावर आलं तेव्हा वर्गात शांतता पसरली, कारण आदल्याच आठवड्यात घरचं लाईटबिल आणायला सांगितलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात साठ-सत्तर युनिटांचा कागद होता. पुढचं गणित त्यांनी स्वतःच काढलं: कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, तर तेवढ्या विजेला किती पोरं लागतील? जवळजवळ १०९ कोटी. आमच्या घाटावरून वाहतं त्या पाण्यात कोयनेचंही पाणी आहे, कराडला संगम होऊन खाली आलेलं, आणि कोयनेचंच बरंचसं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला पोफळीकडं सोडून त्यावर टर्बाईन फिरवतात. ढालगावच्या पठारावरच्या पवनचक्क्या पोरांनी एसटीतून पाहिलेल्या असतातच. पाणी काय, वारा काय, हँडलच फिरवतात, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. ह्या डब्याला पैकीच्या पैकी. गिअर प्लॅस्टिकचे आहेत, एक दात तुटला, तरी वर्षभर चालू आहे.

आता माती बॅटरी. खरं म्हणजे हा सगळा लिहायचा खटाटोप हिच्यासाठीच.

तत्त्व असं की चिखलात खोलवर हवा पोचत नाही, तिथले काही जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन आपल्यासारखे ऑक्सिजनला न देता बाहेरच्या एखाद्या घन पदार्थाला देतात. तिथं कार्बनचं फेल्ट (जाड कापडासारखा तुकडा) पुरून ठेवलं की ते त्यालाच देतात, इलेक्ट्रॉन वायरीतून वरच्या फेल्टकडं जातात, वर पाण्यात ऑक्सिजन असतो, तिथं पाणी तयार होतं, वर्तुळ पूर्ण. सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे पॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं १९११ मध्येच दाखवलं होतं, आणि ह्या कामात नाव असलेला जिओबॅक्टर हा जिवाणू १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. नदीचा गाळ म्हणल्यावर आमच्या पोरांनी कान टवकारले, गाळ तर आमच्याकडं घरात शिरलेला.

मॅन्युअलमध्ये बागेतली माती घ्या असं लिहिलंय. सेटमध्ये चार बरण्या आहेत म्हणून आम्ही एकीत घाटाखालचा गाळ, दुसरीत उसाच्या रानातली काळी माती, तिसरीत म्हशीच्या गोठ्यामागच्या मोरीतला चिखल भरला, आणि चौथीत घाटाचाच गाळ पण माझ्या घरच्या जुन्या कुकरात अर्धा तास शिजवून. जिवंत काही नसेल तर वीज येता कामा नये, म्हणून ती चौथी. मॅन्युअलमध्ये अशी चौथी बरणी कुठंच सांगितलेली नाही आणि माझ्या मते हा त्या मॅन्युअलचा सगळ्यात मोठा दोष आहे.

मीटर लावला आणि पहिल्याच मिनिटाला सहाशे मिलिव्होल्ट. टाळ्या पडल्या. मॅन्युअलमध्ये पण मोठ्या अक्षरात होतं की तुमच्या सूक्ष्मजीवांनी काम सुरू केलंय. मग एकानं चौथ्या बरणीला मीटर लावला, ६१० मिलिव्होल्ट. शिजवलेल्या गाळाला! नववीतली एक मुलगी, एरवी फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "मॅडम, ह्यातलं सगळं मेलंय न्हवं, मग वीज कुठनं आली ओ?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मी मीटर खराब असेल म्हणून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच बरणी उकरली. खालच्या फेल्टला वायर जोडायला कंपनीनं जस्ताचा मुलामा दिलेली क्लिप वापरलीय आणि ती क्लिप उघडी, सरळ चिखलात. जस्त एका बाजूला, कार्बन दुसऱ्या बाजूला, मधे ओला चिखल, म्हणजे हा लिंबाचा सेल झाला की! लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून करतो तोच, त्यातही वीज लिंबू देत नाही, जस्त झिजतं त्याची येते. चार बरण्यांतून आम्ही क्लिपची वीज मोजत होतो आणि नाव जिवाणूंचं.

किती शाळांनी हा डबा घेतला असेल, पहिल्या मिनिटाचा आकडा वहीत लिहून पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील, बक्षिसं घेतली असतील, ह्याचा विचार करून मला वाईट वाटतं. कारण प्रयोग खोटा नाहीये. खरा प्रयोग त्याच डब्यात आहे, नुसती एक दोन रुपयांची क्लिप आडवी आलीय.

उपाय आम्ही असा केला. जुन्या जाड सेलमधली कार्बनची कांडी काढली (साधा जुना सेलच घ्या, अल्कलाईन लिहिलेला फोडू नका, आणि फोडायचं काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावं), ती खालच्या फेल्टमध्ये खुपसली, वरचं टोक पाण्याच्या वर काढलं, कांडीचा जो भाग वरच्या पाण्यातून जातो त्याला नेलपॉलिशचे तीन हात दिले आणि क्लिप लावली ती वर, कोरड्यात. धातूचा कणसुद्धा ओल्यात नाही. कांडी लहान असते म्हणून चिखल कमी उंच भरावा लागतो. ताजा गाळ आणून, परत एक वाटा शिजवून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पहिल्या दिवशी घाटाच्या गाळाला ३५ मिलिव्होल्ट. पोरं हिरमुसली, मी मात्र मनातून खूष, असाच यायला पाहिजे होता आकडा. पाचव्या दिवशी १८०. बाराव्या दिवशी ५१०. गोठ्याचा चिखल सगळ्यात जोरात, आठवड्यातच ४०० च्या पुढं, पण नंतर मधेच खाली आला आणि परत चढला. उसाच्या रानातली माती ३०० च्या आसपास रेंगाळली. आणि शिजवलेली बरणी दहा दिवस ५० च्या खाली, मग हळूहळू तीही चढायला लागली. ह्यावर एक पूर्ण तास बोललो आम्ही. काही जिवाणू बीजाणू करून (कडक कवचात झोपून) बसतात, त्यांना साध्या कुकरचा अर्धा तास पुरा पडेलच असं नाही, शिवाय बरणी उघडी आहे, हवेतून पाण्यातून नवीन येणारच. दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायची मशीन वेगळी का असते हे त्यातूनच निघालं, मिरज जवळ असल्यानं तिथं कामाला असलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या नात्यात आहेच.

एक गोष्ट डब्यावर भडक छापलीय, मातीतून गाव उजळवा अशा अर्थाची. ते छापायला नको होतं. १००० ओहमचा रोध लावला की घाटाच्या बरणीचा व्होल्टेज १२० मिलिव्होल्टवर येतो, म्हणजे शक्ती सुमारे १४ मायक्रोवॅट. हाताच्या जनरेटरएवढं काढायला अशा सव्वा लाख बरण्या लागतील. सेटमधला एलईडी लुकलुकतो तो सरळ बरणीवर नाही, मधे एक छोटं सर्किट आहे, ते थेंबथेंब साठवून मग एकदम सोडतं. हे सर्किट काय करतं ते मॅन्युअलमध्ये धड एक ओळ नाही. पोरांना मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं, बारीक धारेनं भरायची आणि एकदम ओतायची. लुकलुकणारा एलईडी बघून जो आनंद होतो तो होऊ द्या पण आकडा पण काढायला लावा, आकडा काढल्यावर आनंद कमी होत नाही, मी बघितलंय.

मण्यांचा डबा मला सगळ्यात जास्त बायोइंजिनिअरिंगचा वाटला. सोडियम अल्जिनेट ही तपकिरी समुद्री शेवाळातून काढलेली पावडर, पाण्यात घोळली की चिकट होते, त्यात यीस्ट मिसळायचं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात सोडायचे. थेंब पडला की जागच्या जागी साबुदाण्यासारखा मणी तयार! कॅल्शियम त्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. यीस्ट आत कोंडलेलं पण जिवंत, साखर आत जाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड बाहेर येतो. गुळाच्या कोमट पाण्यात मणी टाकले की तळाशी बसतात, थोड्या वेळानं त्यात वायू साचून एकेक करून वर येतात. दुसऱ्या दिवशी चाळणीत गाळून, धुऊन, परत नवीन गुळाचं पाणी, परत चालू. कामगार तेच, शिफ्ट नवीन असं एक पोरगा म्हणाला, त्याचे वडील कारखान्यात आहेत. मळीपासून अल्कोहोल कसं होतं हे आमच्या पोरांना वासानं माहीत आहे, डिस्टिलरीचा वास वारं फिरलं की वर्गात येतो, पण ते यीस्ट करतं हे त्यांना माहीत नव्हतं. पंपावर ई २० लिहिलेलं असतं त्यातलं इथेनॉल म्हणजे हेच म्हणल्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. दातांचं माप घ्यायला डॉक्टर जो गुलाबी लगदा तोंडात भरतात तोही अल्जिनेटचाच, जखमेवरच्या काही पट्ट्याही त्याच्याच.

ह्या डब्यात आम्ही एक दिवस वाया घालवला, तुम्ही घालवू नका. मॅन्युअलमध्ये नुसतं स्वच्छ पाणी लिहिलंय. आमच्याकडं शाळेला बोअरचं पाणी, भांड्यावर पांढरे डाग पडतात असं. त्यात अल्जिनेट टाकल्याबरोबर गुठळ्या, पिठल्यात पडतात तशा, ढवळून ढवळून हात दुखले तरी मोडेनात. जड पाण्यात कॅल्शियम आधीच असतं, मग मणी व्हायच्या आधीच सगळं बांधलं जाणार. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते आणलं आणि रात्रभर भिजत ठेवलं, सकाळी मधासारखं एकजीव.

हीच पाण्याची गोष्ट हायड्रोजनच्या गाडीला नडली आणि तिथं मात्र नुकसान झालं. ह्या गाडीत एक चपटा सेल असतो, त्याला आधी वीज देऊन पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचं, मग तोच सेल उलटा चालवून त्यातून वीज घ्यायची. कल्पना उत्तम आहे, इंधन घट (फ्युएल सेल) ग्रोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं १८३९ मध्ये केला त्याची हातात मावणारी आवृत्ती. पण त्यातला पडदा फार नाजूक. त्यातून प्रोटॉन जायला पाहिजेत, आणि साध्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यांच्या जागा अडवून बसतात. पहिल्या दिवशी गाडी वर्गाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, मुख्याध्यापकसुद्धा बघायला आले. तिसऱ्या वेळी पोरांनी फिल्टरचं पाणी घातलं, फिल्टरचं म्हणजे शुद्ध असं त्यांना वाटलं आणि त्यात त्यांची चूक नाही. पुढच्या आठवड्यात बुडबुडे यायचे बंद. कंपनीला मेल केला तर वॉरंटीत बसत नाही, नवीन सेल घ्या, आणि नवीन सेलची किंमत पूर्ण सेटच्या चौथा हिस्सा. डिस्टिल्डच वापरा ही सूचना होती का? होती, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक इंग्रजीत. ती बाटलीच्या तोंडावर लाल अक्षरात आणि मराठीत पाहिजे. वर्गातल्या छप्पन्न पोरांच्या हातात जाणारी वस्तू एका घोट पाण्यानं कायमची मरत असेल तर ती शाळेसाठी बनवलेली नाही. पडदा सुकला तरी तो बिघडतो, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत कपाटात ठेवायचीही भीतीच.

सोलर सेलबद्दल थोडक्यात. टायटॅनियम डायऑक्साईडचा थर दिलेली काच जांभळाच्या रसात बुडवायची, दुसऱ्या काचेवर पेन्सिल घासून कार्बन लावायचा, मधे आयोडीनचा द्रव, दोन चिमटे. १९९१ मध्ये ग्रेट्झेल आणि ओरेगन यांनी पुढं आणलेली पद्धत. उन्हात आम्हाला ०.३५ व्होल्ट मिळाले, सावली केली की लगेच पडतात. सांगली म्हणल्यावर हळद बुडवून बघणार नाही असं होईल का, बुडवली, जांभळापेक्षा कमीच आली, जास्वंद मधे. ही तुलनाच खरी मजा आहे. पण काचा दोनच दिल्यात, धुऊन धुऊन थर खरवडतो, आयोडीनची बाटली दिवाळीपर्यंत आटली आणि नुसता तो द्रव वेगळा विकत देत नाहीत.

डब्यावर ३० विद्यार्थ्यांसाठी असं लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. मीटर एकच येतो. आम्ही सांगलीतून अडीचशे रुपयेवाले चार साधे मीटर आणले, तेव्हा कुठं मागच्या बाकावरच्या पोरींच्या हाताला आकडा लागला. मराठी मॅन्युअल नाही, क्यूआर कोड आहे पण व्हिडिओ इंग्रजीतच. मी वहीत मराठीत उतरवलंय सगळं, आता आठवीचे सुद्धा त्यावरून स्वतः मांडतात.

आणि घेताना एक विचारून घ्या, संपल्यावर काय? जनरेटरला संपण्यासारखं काही नाही. मण्यांचं यीस्ट बेकरीत, गूळ घरात, अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराईड मिरजेत लॅब केमिकलच्या दुकानात मिळालं आणि किटच्या रिफिलपेक्षा बरंच स्वस्त पडलं. माती तर काय, पायाखाली. कार्बन फेल्ट मात्र मागवावं लागतं, पण धुऊन परत वापरता येतं, आमचं तिसऱ्यांदा चालू आहे.

घाटाची बरणी अजून खिडकीत आहे. वर पाणी आटलं की कुणीतरी येता-जाता भरतं, भिंतीवर तक्ता लावलाय त्यात रोजचा आकडा आणि खाली सही. ज्या मुलीनं क्लिप उकरली होती ती आता दहावीत आहे, तक्त्यात एक रकाना तिनं वाढवलाय, सकाळचं तापमान. काल ४८०, तापमान २३.